आदेश उदंड, दिशा कोठे?

आम्ही नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी राहिलो, त्या त्या गावच्या मराठी मंडळाच्या कपाटात 'कोसला'ची एक प्रत होती. तिचा पुठ्ठा निखळलेला असे, पानांच्या कडांवर बोटांचे डाग असत. म्हणजे ती वाचली जात होती, हे उघड होते. परंतु ती मनापासून आवडली असे कबूल करणारा वडीलधारा सभासद क्वचितच भेटे. अशाच एका मंडळात फार वर्षांपूर्वी या कादंबरीवर चर्चा झाली. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ त्या वेळी त्राग्याने म्हणाले, "बाप गावाहून पैसे धाडतो, हा पुण्यात ते उधळतो, नापास होतो, आणि आपण म्हणायचे वाहवा! अहो, माणसाला आयुष्यात काही ध्येय नको का?" सभा हसली. आम्हीही हसलो, आणि खरे सांगावयाचे तर मनातून त्यांच्याशी सहमतही झालो.

पुढे ते गृहस्थ निवृत्त झाले. ३५ वर्षांची नोकरी आणि ११ बदल्या पदरी बांधून ते त्याच गावी राहिले. एके सायंकाळी ग्रंथालयात तीच प्रत परत करताना ते आम्हांस दिसले. थोडे ओशाळून म्हणाले, "पुन्हा वाचली. त्या पोराने पुण्यात जे केले, तेच मी पस्तीस वर्षे केले हो. फरक इतकाच, की मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत गेला." थोडा वेळ थांबून त्यांनी पुढे जे सांगितले ते आम्ही आजवर विसरलेलो नाही. "सकाळी उठून आता कोठे जायचे ते ठाऊक नाही, याचे मला फारसे वाटत नाही. इतकी वर्षे रोज कोठे जात होतो ते आठवत नाही, याचे वाटते."

एका वाचकाच्या या दोन मतांमध्ये जे अंतर पडले, त्याने आम्हांस विचारात पाडले. ध्येयहीनता हा केवळ आळशी तरुणांचा दोष आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्याला नोकरी आहे, हुद्दा आहे, दौऱ्याचा कार्यक्रम आहे, त्याला तो दोष शिवत नाही असे आपण मानतो. आपल्या कादंबरीवाङ्मयाने मात्र या प्रश्नाकडे निराळ्या नजरेने पाहिले आहे. ती नजर कोणती, ती कोठवर पोचली आणि कोठे अडखळली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावा असा आमचा विचार आहे.

आरंभी शब्दाचाच थोडा विचार करू. संस्कृतातील 'दिश्' या धातूचा अर्थ दाखवणे. या एकाच धातूपासून 'दिशा' निघाली, आणि तिच्यासोबत 'आदेश', 'निर्देश', 'उपदेश', 'उद्देश' आणि 'उद्दिष्ट' ही भावंडेही निघाली. 'देश' हा शब्दही त्याच कुळातला. आपल्या कचेऱ्यांत या कुळाची केवढी वर्दळ असते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. वरून आदेश येतात, त्यांवर निर्देश निघतात, वर्षारंभी उद्दिष्टे ठरतात आणि मार्चअखेर ती पूर्ण झाल्याचे कळवलेही जाते. पूर्वी हे कागदावर होई, आता पडद्यावर होते, इतकाच बदल. सारी भावंडे हजर असतात. थोरली बहीण दिशा तेवढी कोठे दिसत नाही.

या व्युत्पत्तीत आणखी एक मर्म दडलेले आहे. दाखवणे या क्रियेला दोन माणसे लागतात. एक दाखवणारा आणि एक पाहणारा. म्हणजे दिशा ही एकट्याच्या मनात सापडणारी वस्तू नव्हे. ध्येय एकट्याचे असू शकते, महत्त्वाकांक्षा तर बहुधा एकट्याचीच असते. परंतु दिशा दोघांत असते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की दिशाहीन माणूस म्हणजे इच्छा नसलेला माणूस नव्हे. ज्याच्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोणी माणूस उरलेला नाही, तो दिशाहीन. खाजगी आयुष्यातील आणि सार्वजनिक जीवनातील दिशाहीनता ही दोन दुखणी नसून एकच आहे, असे आम्हांस वाटते ते याच कारणासाठी. आपल्या उत्तम कादंबऱ्यांनी हे न बोलता दाखवले आहे.

हरिभाऊ आपट्यांची 'मी' ही कादंबरी गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांच्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः आली. तिच्या नायकापाशी दिशेचा प्रश्नच नाही असे वरवर वाटते. भाऊचा भावानंद होतो आणि संसार न करता लोकसेवेला वाहून घेतो. काळही तसाच होता. १८७९ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्या पिढीतील कर्त्या माणसांना सरकारी नोकरी नाकारणे हीच एक दिशा वाटू शकत होती. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा अल्प वेतनावर जन्मभर देशकार्य करणाऱ्या सेवकांची जी कल्पना प्रत्यक्षात आली, तिच्यासारखेच एक चित्र हरिभाऊंनी कादंबरीत आधीच रेखाटलेले होते. कल्पित वाङ्मयाने वास्तवाच्या पुढे पाऊल टाकावे, असे प्रसंग आपल्याकडे फार नाहीत.

तथापि 'मी' आज वाचताना एक उणीव जाणवते. भावानंदाचा निश्चय आपल्याला जितका दिसतो, तितके त्याचे रोजचे काम दिसत नाही. निश्चयाचा क्षण उदात्त असतो, आणि कादंबरीकाराला तो भुरळ घालतो. परंतु निश्चय केल्यानंतरच्या तीन हजार सकाळी कशा गेल्या? कोणाच्या दारी गेले, कोण परत पाठवी, कोण वाट पाही? ध्येयवादी कादंबरीने हा प्रश्न फारसा विचारला नाही. तिने ध्येय आकाशात ठेवले आणि नायकाची मान वर केली. मान वर करून चालणाऱ्याला आकाश दिसते, वाट दिसत नाही. पुढील पिढ्यांच्या पायांत जे अडखळणे आले, त्याचे मूळ काही अंशी या वर केलेल्या मानेत आहे, असे म्हणणे कठोर असले तरी अन्यायाचे होणार नाही.

ते अडखळणे विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये पहिल्याने निर्भयपणे प्रकट झाले. युरोपातून मायदेशी निघालेला चक्रधर विध्वंस आणि त्याच बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या प्रेमकथेवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हांस या ठिकाणी तिच्यातील एक विरोध पुढे आणावयाचा आहे. बोटीवरील निर्वासितांपाशी देश नाही, घर नाही, उतरावयाचे हक्काचे बंदर नाही. चक्रधरापाशी हे सारे आहे: मुंबई बंदर आहे, घर आहे, परतीचे तिकीट आहे. व्यवहाराच्या दृष्टीने दिशा असलेला असा एक तोच. परंतु कादंबरी जसजशी पुढे सरकते तसतसे उलटेच प्रत्ययास येते. देशोधडीला लागलेली हॅर्टा सारे जीवित एका माणसाकडे वळवू शकते. बंदर ठाऊक असलेला चक्रधर कोणाकडेच वळू शकत नाही. बोट मुंबईला लागते, तो उतरतो, ती पुढे जाते. ज्या माणसाला कोठे उतरावयाचे ते पक्के ठाऊक आहे, तोच या कादंबरीत सर्वांत वाट चुकलेला आहे. ठिकाण ठाऊक असणे म्हणजे दिशा असणे नव्हे, हे सत्य मराठी कादंबरीने त्या वर्षी शिकवले. आणि ज्यांच्या हाती दर तीन वर्षांनी नव्या ठिकाणाचा हुकूम पडतो, त्यांनी ते विशेषेकरून ध्यानी घेण्यासारखे आहे.

आता 'कोसला'कडे वळू. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी आली तेव्हा तिजवर जे आक्षेप घेतले गेले त्यांत एक असा होता, की हे वैफल्य आपले नव्हे. पाश्चात्त्य अस्तित्ववादाची ही उसनवारी आहे. आम्हांस हा आक्षेप कधीच पटला नाही. पांडुरंग सांगवीकराचे वैफल्य पॅरिसच्या उपाहारगृहात जन्मलेले नाही. ते पुण्याच्या वसतिगृहात, मेसच्या हिशेबात जन्मलेले आहे. पांडुरंग खानदेशातील खेड्यातून येतो तो निरुत्साही म्हणून येत नाही, ही गोष्ट पुष्कळ टीकाकारांच्या नजरेतून सुटते. तो कॉलेजच्या आणि वसतिगृहाच्या सार्वजनिक कामांत हौसेने पडतो, जबाबदाऱ्या अंगावर घेतो, दुसऱ्यांसाठी खर्च करतो, रात्री जागवतो. त्याच्या वाट्याला येतात ती देणी आणि वडिलांचा राग. ज्या मंडळींसाठी हे केले, ती आपापल्या मार्गाने निघून जातात. पांडुरंगाची उदासीनता हा त्याच्या स्वभावाचा आरंभ नाही. सार्वजनिक कामातून मिळालेला तो निष्कर्ष आहे.

आणि मग मनीचा मृत्यू. धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, आणि तोवर चेष्टेच्या सुरात चाललेले निवेदन एकाएकी फाटते. टीकाकारांनी या भागाच्या शैलीचे कौतुक केले आहे, ते यथार्थच आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही, की ज्याला कशाचेच काही वाटत नाही असे वाटत होते, त्याचा सारा आक्रोश एका माणसाकडे वळलेला आपण पाहतो. त्याला दिशा होती. ती मनी होती, आणि ती गेली. तिच्या मागे उरले ते केवळ ठिकाणांचे जाणे-येणे: पुणे, सांगवी, पुन्हा पुणे, पुन्हा सांगवी. आमचे वर सांगितलेले स्नेही पस्तीस वर्षे कोठे जात होते ते आठवत नाही म्हणाले, तेव्हा त्यांच्या मनात याच भागातील काही तरी हलले असावे.

सार्वजनिक जीवनातील दिशाहीनतेचे चित्र काढणे अधिक कठीण, कारण तेथे ध्येयांची वाण नसते. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी हे कठीण काम अंगावर घेतले; १९७९ साली त्या दोहोंवरून जब्बार पटेल यांनी चित्रपट केला, तोही आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. 'सिंहासन'मधील एकही माणूस रूढ अर्थाने ध्येयहीन नाही. मुख्यमंत्र्यांना खुर्ची टिकवावयाची आहे, अर्थमंत्र्यांना ती हवी आहे, कामगार पुढाऱ्याचे गणित निराळे, उद्योगपतीचे निराळे. प्रत्येकाच्या हालचालीत नेम आहे, हिशेब आहे, चपळाई आहे. तरीही पुस्तक मिटताना मनात जी भावना उरते ती भयंकर भोवंडून जाण्याची. इतकी माणसे इतक्या निश्चयाने इतके धावली, आणि राज्य मात्र होते त्या जागी. भोवऱ्याला गती असते, अक्षही असतो. तो कोठे जात नाही इतकेच.

या साऱ्याचा साक्षीदार पत्रकार दिगू टिपणीस. त्याला सारे ठाऊक असते, आणि ठाऊक असण्याचा काही उपयोग नसतो. साधूंच्या राजकीय कादंबऱ्यांची गोडी पुष्कळांना त्यांतील गुपितांत वाटली. आम्हांस ती या साक्षीदाराच्या थकव्यात वाटते. सत्तेच्या वर्तुळातील प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो ते त्याच्या चालीचा अंदाज घेण्यासाठी. कोणी कोणाला काही दाखवत नाही. जेथे दाखवणे संपले आणि केवळ नजर ठेवणे उरले, तेथे दिशा हा शब्दच निरर्थक होतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यासाठी आम्हांला मराठीबाहेर जावे लागते, आणि परप्रांतात राहणाऱ्यांना ते अवघड नसावे. आमच्यापैकी अनेकांची हिंदी कचेरीतच घडली. तिच्यात श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' (१९६८) ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ती अवश्य वाचावी. शुक्ल हे उत्तर प्रदेशच्या प्रशासनात आयुष्य घालवलेले गृहस्थ. या कादंबरीला १९६९ चे साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. शिवपालगंज या गावी प्रकृती सुधारण्यासाठी आलेला रंगनाथ हा शिकलेला तरुण दिगू टिपणीसाचाच भाऊ म्हणावयाचा: सारे पाहतो, सारे समजतो, आणि शेवटी पळून जावे या विचारापर्यंत येतो. गावची शाळा, सहकारी संस्था, ग्रामसभा या साऱ्यांवर त्याच्या वैद्यमामांची सावली पसरलेली आहे.

परंतु या पुस्तकात आमच्या मनात घर करून राहिला तो लंगड. त्याला तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी आहे. लाच न देता, नियमाने हवी आहे. तिकडे कारकुनानेही हट्ट धरला आहे, की नियमानेच देईन. आणि नियमाने द्यावयाचे म्हणजे अर्जात रोज एक नवी खोट निघणार. लंगड चालत येतो, परत जातो, पुन्हा येतो. सारे गाव त्याला हसते. नक्कल त्याच्या हाती पडत नाही.

लंगडाचे हसे करणे सोपे आहे, आणि शुक्लांनी वाचकाला हसवले आहेच. तथापि थोडे थांबून पाहिले, तर त्या अवाढव्य पुस्तकात दिशा असलेला मनुष्य म्हणावा असा हाच. त्याचे ध्येय क्षुल्लक आहे, एक कागद. परंतु तो दररोज एका ठरावीक खिडकीकडे, एका माणसाकडे चालत येतो. खिडकीच्या आतला माणूस आपले तोंड फिरवून बसला आहे, म्हणून हे चालणे हास्यास्पद झाले आहे. दिशेला दोघे लागतात असे आम्ही वर म्हटले, त्याचा इतका स्वच्छ दाखला आम्हांस दुसरा आठवत नाही. लंगडाची वाट अर्धीच आहे, कारण उरलेली अर्धी कारकुनाच्या मेजाखाली अडकून पडली आहे. आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी, या लेखकाने तर निश्चितच, आयुष्याची उमेदीची वर्षे त्या खिडकीच्या बाहेर नव्हे, आत काढली आहेत.

खिडकीच्या आतल्या माणसाचे मन उघडून दाखवणारी एक कादंबरी इंग्रजीत आहे, आणि तिचा महाराष्ट्राशी धागा जुळलेला आहे. उपमन्यु चॅटर्जी हे १९८३ साली भारतीय प्रशासन सेवेत आले. त्यांची नेमणूक महाराष्ट्राच्या संवर्गात झाली. त्यांची 'इंग्लिश, ऑगस्ट' ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक अगस्त्य सेन हा बंगाली तरुण अधिकारी प्रशिक्षणासाठी मदना नावाच्या एका कल्पित, आडबाजूच्या, विलक्षण उष्ण जिल्ह्यात येऊन पडतो. आपण जसे परमुलखात, तसा हा तेथे. भाषा परकी, जेवण परके, विश्रामगृहाच्या खोलीत डासांची सोबत. तो गांजा ओढतो, दुपारी कचेरीतून निसटतो, मार्कस ऑरेलियसचे चिंतन वाचतो, आणि कोणी घरची चौकशी केली तर जो विचारील त्याला निराळेच खोटे उत्तर देतो. गावातील गांधींचा पुतळा पडू नये म्हणून त्याला मागून टेकू दिलेला आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही.

काही वाचकांना हा नायक उर्मट वाटतो, आणि तो आहेही. एवढी सुरक्षित नोकरी, वडील राज्यपाल, आणि तरी याचे रडगाणे! आमच्या त्या स्नेह्यांनी 'कोसला'वर घेतला होता तोच हा आक्षेप. परंतु या कादंबरीत पाण्याचा एक प्रसंग आहे. अगस्त्य आता तालुक्याच्या ठिकाणी गटविकास अधिकारी आहे. एका आदिवासी खेड्यातील बायका आपल्या विहिरीची तक्रार घेऊन येतात. तो त्या गावी जातो, आणि पाहतो तो काय, लहान मुलांना दोराने बांधून विहिरीत उतरवले जात आहे. तळाशी उरलेला गाळमिश्रित ओलावा भांड्यांत भरून घेण्यासाठी. तो टँकरची व्यवस्था करवतो. इतकेच घडते.

ही पाने आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. साऱ्या पुस्तकात स्वतःविषयी अखंड बोलणारा अगस्त्य येथे स्वतःला विसरतो. त्याला एकाएकी ध्येय सापडले आहे असे नव्हे. कोणी बोट करून विहीर दाखवली आणि त्याने पाहिले, एवढेच. दाखवणारा आणि पाहणारा एका कडेवर उभे राहिले, आणि तेवढ्यापुरती दिशा उत्पन्न झाली. लेखकाचे शहाणपण असे, की त्याने या प्रसंगाचा हृदयपरिवर्तनाचा देखावा केला नाही. अगस्त्य सेवाव्रती होत नाही. त्याची घालमेल पुढे चालूच राहते. टँकर म्हणजे कायमचे पाणी नव्हे, हेही वाचकाला समजते. एखाद्या ध्येयवादी कादंबरीकाराने येथे नायकाची मान आकाशाकडे वळवली असती. चॅटर्जींनी ती विहिरीत वाकवली, आणि आम्हांस हेच अधिक खरे वाटते.

तथापि आमची तक्रारही येथेच आहे. कादंबरी त्या विहिरीपाशी फार थोडा वेळ थांबते. टँकर दुसऱ्या दिवशी आला का, किती दिवस आला, बंद झाल्यावर बायका पुन्हा आल्या तेव्हा खुर्चीवर कोण होते, हे आपल्याला कळत नाही. अधिकाऱ्याच्या आयुष्यातील खरी कसोटी पहिल्या टँकरची नसते. ती चौथ्या अर्जाची असते, जेव्हा अर्ज तोच असतो, तक्रार तीच असते, आणि ऐकणारा थकलेला असतो. त्या थकव्याची कादंबरी कोणी लिहिली आहे?

आमच्या मते मराठी कादंबरीने येथे आपल्याला काहीसे उपाशी ठेवले आहे. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही महाराष्ट्राच्या महसूल सेवेतील एका अधिकाऱ्यानेच लिहिलेली, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची थोर कादंबरी आहे, आणि तिला साहित्य अकादेमीचा सन्मानही मिळाला. परंतु तिचे लक्ष विस्थापितांच्या होरपळीवर आहे, आणि ते रास्तच आहे. पांडुरंगाने आपल्याला नोकरी नसलेल्या तरुणाचे मन दिले, दिगूने साक्षीदाराचे. सही करणाऱ्या हाताचे मन मराठीत अजून पुरतेपणी उतरलेले नाही. त्या हाताला आपण एक तर खलनायकाच्या कोटात घातले, नाही तर विनोदी कथेत चहा पाजत बसवले. तो हात रात्री उशाखाली घेऊन जो झोपतो, त्याला झोप लागते की नाही, हे आपण विचारले नाही.

यावर कोणी म्हणेल, की कादंबरी वाचून अथवा लिहून दिशा मिळत नसते. हे आम्हांस मान्य आहे. साहित्य म्हणजे होकायंत्र नव्हे, आणि त्याने तसे व्हावे अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी साहित्याचे फार नुकसान केले आहे. परंतु साहित्य एक गोष्ट निश्चित करते. कामाच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस असतो, त्याला ते आपल्यासमोर आणून उभे करते: हॅर्टा, मनी, लंगड, विहिरीत उतरवलेले ते मूल. टिपणीवर यांतील कोणाचेही नाव नसते. 'अर्जदार', 'लाभार्थी', 'संबंधित' असे शब्द आपण लिहितो, आणि एक दिवस आपणही कोणाच्या तरी टिपणीत 'सेवानिवृत्त कर्मचारी' होऊन बसतो. नावे पुसली गेली की आठवणही पुसली जाते. पस्तीस वर्षे कोठे जात होतो ते आठवत नाही, या वाक्याचा अर्थ आम्ही तरी असा लावतो, की कोणाकडे जात होतो ते आठवत नाही.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हे त्या संध्याकाळी सांगू शकलो नाही. इतके सुचलेही नव्हते. पुढच्या खेपेस भेटलो तेव्हा मात्र विचारले, "आपल्या नोकरीतला एक तरी अर्जदार आठवतो का, नावानिशी?" ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एक नाव सांगितले. ओडिशातील एका रेल्वे वसाहतीत पेन्शनसाठी खेटे घालणारी एक विधवा बाई. काम झाले होते का, असे आम्ही विचारले. "माझी बदली झाली," ते म्हणाले. त्या नावाच्या मागोमाग मात्र त्यांना दुसरे आठवले, मग तिसरे. आम्ही निघालो तेव्हा ते एका जुन्या डायरीच्या कोऱ्या पानावर काही लिहीत होते.

ते काय लिहीत होते, हे आम्ही विचारलेले नाही. परंतु या मासिकाचे वाचक कोठे कोठे आणि कोणत्या कोणत्या खिडक्यांच्या आत बसलेले आहेत, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या मेजाच्या खणात अशी एखादी डायरी पडून असेल, तर ती त्यांनी बाहेर काढावी. भाषा साधी असली तरी चालेल, कथानक नसले तरी चालेल. चौथ्या अर्जाच्या दिवशी काय झाले, एवढे त्यांनी खरेखरे लिहावे. मराठी कादंबरीला त्याची गरज आहे, आणि लिहिणाऱ्यालाही ती थोडीफार असेलच.